नळानं घातलेलं विसण

आमच्या बाथरूमच्या नळावर आकडे दिसतात. बटण दाबून आकडा कमी-जास्त करायचा. जो आकडा ठेवू, तेवढंच गरम पाणी खालून येतं. सोलरचं गरम आणि टाकीचं गार पाणी नळ आतल्या आत मिसळतो, आणि बाजूच्या चकतीनं धार लहान-मोठी होते. लिहायला हे सरळ वाटतं. पण बसवल्या दिवसापासून या नळानं माझं डोकं खाल्लं आहे. खरं तर नळानं नव्हे, पण ते मला बरंच उशिरा समजलं.

आम्ही कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला राहतो. माझे वडील, म्हणजे अण्णा, गुळव्या होते. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असतो, तेव्हा तो नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. अण्णा उकळत्या पाकातला थेंब गार पाण्यात सोडायचे आणि दोन बोटांत त्याची गोळी करून बघायचे. गोळी मनासारखी झाली की म्हणायचे, "उतरा." मग कुणी उलट विचारायचं नाही. गुऱ्हाळाचे मालक त्यांना घरी येऊन बोलावून न्यायचे, ते या बोटांसाठी.

पुढं त्यांना शुगर निघाली. शेजारच्या काकू आजही म्हणतात, "जलमभर गूळ केला आन शेवटाला साखर झाली की वो तुमास्नी." अण्णा हसतात. पण शुगरनं आधी पायांची आणि मग हातांच्या बोटांची जाणीव कमी होत गेली, त्यावर ते हसत नाहीत. त्यावर ते बोलतच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा पाय भाजला. आमच्या सोलरचं पाणी उन्हाच्या दिवशी वाफाळतं येतं. अण्णांनी बादलीत हात घालून पाहिला, त्यांना ते बेताचं वाटलं, आणि सगळे घेतात तसा पहिला तांब्या त्यांनी पायांवर घेतला. दुसराही पायांवरच घेतला. पाणी पाठीवर पडलं तेव्हा ते ओरडले. तोवर पायाची कातडी गेली होती. जखम भरायला उन्हाळा उजाडला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "पुन्हा असं झालं तर बोट वाचेलच असं मी म्हणणार नाही." माझ्याकडे बघून यासाठी, की घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच. डॉक्टर, बँक, वीजबिल, सगळे माझ्याकडेच बघून बोलतात.

तेव्हापासून आई अण्णांच्या बादलीत कोपर बुडवून बघायला लागली. अण्णांना ते अजिबात आवडायचं नाही.

"मी काय तान्हं लेकरू हाय?" ते म्हणायचे.

"लेकरू बरं," आई म्हणायची. "लेकरू भाजलं तर रडतंय तरी."

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात बसलेलं नाही. त्यामुळे मला काय येतं आणि काय येत नाही, याचा घरी कुणालाच अंदाज नाही. पंखा कुरकुरला की मी. मामांच्या फोनमधले फोटो गेले की मी. मिक्सरमधून वास आला की मी. मला येत नाही म्हटलं तर "मग शिकवत्यात तरी काय?" असं विचारतात, आणि त्याचं उत्तर मलाही नीट देता येत नाही. पण सेन्सर आणि व्हॉल्व्ह आम्हाला अभ्यासाला होते. पाण्याचं तापमान मोजून गरम-गार किती सोडायचं हे ठरवणारा नळ मिळतो, हेही मला माहीत होतं. एकदा आकडा ठेवून दिला की अण्णांना हात घालून बघायची गरज नाही आणि आईला कोपर बुडवायची. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी जे शिकते, त्याचा घरात काहीतरी उपयोग आहे.

नळ बसवायला प्लंबर आला. त्यानं नळ हातात घेऊन उलटासुलटा केला आणि अण्णांना विचारलं, "पावणं, ह्येला तोटी कुठं हाय?"

"आमच्या पोरीला इचारा," अण्णा म्हणाले. "तिनं आणलाय."

गार पाण्याची टाकी सोलरच्या वेगळ्या टाकीपेक्षा खाली होती, त्यामुळे गार पाण्याला जोर कमी पडत होता. नळ नुसताच टीं-टीं करून लुकलुकायचा. मग विटा रचून टाकी उचलली. त्यानंतर वायर ओढायची राहिली होती. नळाला वीज लागते हे ऐकून आई दारातच थांबली. पाण्याच्या वस्तूला वीज, हे तिला पटेना. कमी दाबाची वीज आहे, शॉक बसत नाही, हे मी तिला समजावलं. मग तिला प्लंबरनंही तेच समजावलं, आणि मग तिला पटलं.

मी नळ एकोणचाळीसवर ठेवला, अण्णांना दाखवला आणि म्हटलं, "ह्याला हात लावायचा नाही. नुसतं चालू करायचं."

पहिल्या आठवड्यातच टाकी मध्येच संपली. गार पाणी थांबलं, की हा नळ गरम पाणीही बंद करतो. भाजू नये म्हणून तशी सोयच आहे. ती सोय कामाला आली तेव्हा अण्णा अंगभर साबण लावून बसले होते.

"पाणी गेलं," ते आतून ओरडले.

"गेलं नाही अण्णा, नळानं थांबवलंय. गार पाणी संपलं की तो गरम बंद करतो. म्हणजे नळ बरोबर काम करतोय."

आतून आवाज आला. "माझ्या डोळ्यात साबण गेलाय. आन तू नळाचं कौतुक सांगतीस व्हय?"

आईनं दारातून पिण्याच्या पाण्याची कळशी आत सरकवली. हे मी सहन केलं. आईनं नळाचा स्क्रीन काथ्यानं घासला, तेही सहन केलं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बाथरूममध्ये नेऊन नळ दाखवायचा, मग पाहुण्यानं चार बटणं दाबायची आणि "लई भारी" म्हणायचं, याचीही सवय झाली.

सहन झालं नाही ते दुसरंच. मी रोज संध्याकाळी नळ एकोणचाळीसवर ठेवायची आणि सकाळी अण्णांची अंघोळ झाल्यावर बघितलं तर तो साठवर असायचा. साठ म्हणजे त्याचा सगळ्यात वरचा आकडा.

अण्णांना विचारलं तर म्हणाले, "मी काय करतुय त्येला?"

मला वाटलं, वीज गेली-आली की तो आपोआप साठवर जात असेल. मी मुद्दाम विजेचं बटण बंद-चालू करून बघितलं. गेला नाही. ओलाव्यानं बटणं आपोआप दाबली जात असतील म्हणून मी पुढचा भाग उघडला, पुसला, वाळवला, बसवला. दुसऱ्या दिवशी साठ. कंपनीला फोन केला, तर तिकडच्या बाईंनी नळ बंद करून चालू करायला सांगितलं, आणि तसं केल्यावर आता समाधान झालं का, असं विचारलं. शेवटी मी कॉलेजच्या लॅबमधून मीटर आणला आणि एक सबंध रविवार बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाटावर बसून वायरी तपासल्या. सगळं ठीक होतं. लॅबच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "सर्किट ठीक असेल तर वापरणाऱ्याला विचार." मी मनात म्हटलं, वापरणाऱ्याला विचारून झालंय.

मला भीती वाटत होती. साठवरच्या पाण्यानं काय होतं ते मी एकदा बघितलं होतं. अण्णांना काही झालं नव्हतं हे नशीब, असं समजून मी रोज आधीपेक्षा जास्त चिडत होते. मुलगी असल्यानं मला आत जाऊन बघता येत नव्हतं. दाराबाहेर उभं राहायचं आणि आवाज ऐकायचा, एवढंच.

असाच एक दिवस ऐकत होते. नळ सुरू झाला. बादली भरत आली. नळ बंद झाला. मग खालची, पाय धुवायची गार पाण्याची साधी तोटी सुरू झाल्याचा आवाज आला. तांब्या भरला. आणि मग पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज.

"अण्णा, काय करताय?"

"काय करतुय म्हंजे? इसाण घालतुय."

विसण म्हणजे अंघोळीच्या कढत पाण्यात बेतानं घालायचं गार पाणी. आमच्याकडे अंघोळीची सुरुवातच अशी होते. आधी बादलीत कढत पाणी घ्यायचं, मग त्यात विसण घालायचं, हातानं ढवळायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा घालायचं. हे मीही लहानपणापासून केलेलं आहे. आणि हे करायला लागू नये म्हणून तर तो नळ आणला होता.

"अण्णा, त्यातलं पाणी विसण घालूनच येतंय."

"कोण घालतंय?"

"नळ."

अण्णा आतून हसले. "नळाला काय कळतंय इसाण?"

मी स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. तिला विचारलं, "तुला माहीत होतं? अण्णा नळ साठवर नेतात, मग विसण घालतात?"

"व्हय की. मीबी तसंच करतो." कोल्हापूरच्या बायकांसारखं आईही "करतो" म्हणते. "कढत पाणी घेतल्याबिगार इसाण घालाय कसं येणार?"

"मग मी दोन आठवडे नळ खोलून बसले होते, तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू नळाचं बघत हुतीस. आमाला काय म्हाईत तुला अंघुळीचं इचारायचं हुतं."

मला रडू आलं नाही, पण आलं असतं तर बरं झालं असतं. त्याच दिवशी मी नळाची वरची मर्यादा चाळीसवर कुलूपबंद केली. ती सोय त्यात लहान मुलांसाठी दिलेली आहे. अण्णांनी कितीही बटण दाबलं तरी आकडा पुढे जाईना. दोन दिवसांनी सकाळी मी कॉलेजला निघाले तर अण्णांच्या अंघोळीसाठी गॅसवर पातेलं चढवलेलं. नळ आकडे दाखवत भिंतीवर बसून होता आणि आई उकळतं पातेलं फडक्यानं धरून बाथरूमकडे निघाली होती.

"नळाचं पाणी गरम लागत न्हाय म्हणं त्येंला," ती म्हणाली. तिलाही ते पटलेलं नव्हतं, पण ती थांबली नाही.

त्या संध्याकाळी आईनं रोजच्यासारखे अण्णांचे पाय उजेडात धरून बघितले. डाव्या पावलावर रुपयाएवढा लाल डाग होता. अण्णांना तो दुखत नव्हता. दुखत नाही हेच तर आमचं दुखणं. आई मलम घेऊन आली. मी मात्र बोलले. किती मोठ्यानं, ते आता लिहिताना नकोसं वाटतं. बोट कापायला लागेल, पाय कापायला लागेल, मग कोण बघणार, असं सगळं बोलून गेले.

अण्णा पावलाकडे बघत म्हणाले, "हातानं कळत न्हाय, ते मला कळतंय की. तुमी का सारखं सांगताय?"

"मग हात कशाला घालताय?"

"न घालता कसं?" ते म्हणाले. "सगळं नळानंच करायचं, तर मी नुसता बसून ऱ्हायचं व्हय? वतलं की घ्यायचं?"

नळ बसवताना मी पाण्याचा विचार केला होता, पायाचा केला होता. पाण्यात हात घालून ठरवणारा माणूस आहे, याचा केला नव्हता. पण म्हणून पाय भाजू द्यायचा का, हा प्रश्न तिथंच होता. ते बरोबर आणि मीही बरोबर, असं म्हणायला मला जमत नाही. लाल डाग समोर दिसत होता.

मग आम्ही सौदा केला. गॅसवरचं पातेलं बंद. नळाची मर्यादा चाळीसवरून त्रेचाळीसवर न्यायची, आणि ती अण्णांनी स्वतःच्या हातानं न्यायची. विसण घालायचं, पण एक तांब्या. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "एवढ्यावर ऐकत असतील तर ऐकू द्या."

अण्णांनी चष्मा लावून बटण दाबलं. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. आणखी एकदा दाबून बघितलं. आकडा हलला नाही.

"पक्कं हाय," ते म्हणाले, पण खुशीत नव्हे.

दुसऱ्या दिवशी आतून तक्रार आली. "गार झालं. पाठीला लागतंय."

"मग विसण घालू नका ना, अण्णा."

"इसाण न घालता अंघूळ कुठं असती व्हय?"

"मग अर्धा तांब्या घाला की," आई आतल्या खोलीतून म्हणाली.

"अर्ध्या तांब्याला इसाण म्हणत न्हाईत."

आता रोज असंच चालतं. ते कोमट पाण्यात विसण घालतात, मग पाणी गार झालं म्हणून कुरकुर करत अंघोळ करतात. संध्याकाळी आई पाय बघते. डाग गेला, नवा आलेला नाही. नळ, माझं शिक्षण, सोलर, टाकी, सगळ्यांवर अण्णा रोज एकदा तरी बोलतात. शेजारच्या काकूंना मात्र सांगतात, की पोरीनं आणलेला नळ लई शिस्तीचा हाय.

परीक्षा जवळ आली आहे. सकाळी मी पुस्तक घेऊन बाथरूमबाहेर बसते. बादली भरते, नळ थांबतो, खालची तोटी सुरू होते, आणि बादलीत एक तांब्या पडल्याचा आवाज येतो. मी पान उलटते. मग तोटी पुन्हा सुरू होते.

"अण्णा, बास."

आतली तोटी हळूच बंद होते.