खुराला पॉलिश

"पोरगी टायर पाहीन का तुले पाहीन?"

"मलेच. पन गाडी तं तिच्या आंगनात उभी दिसन ना!" अंकुर म्हणाला. "उलसं पॉलिश मार ना रहमतचाचा. नवे टायर असूनसन्या कसे मळकट दिसून राह्यले."

"नाही मारत."

"तुह्यापाशी नसन तं मी आनून देतो."

"आनशीन तं नालीत फेकीन. पुस म्हन, पुसून देतो. पॉलिश नाही. आन आयक, पयले शंभर-दीडशे किलोमीटर हा टायर तुह्या वळखीचा नाही. वळनावर गाडी झुकवजो नोको, एकदम ब्रेक दाबजो नोको. नव्या टायरवर कारखान्यातली चिकनी झिल्ली असते. रस्त्यानं घासून ते गेली का मंग उडव तुले कितीक उडवाची ते."

"कायले एवढा भेवाडतं, चाचा?"

 रहमतनं चिंधी घेतली आणि टायर पुसत बसला.

दिग्रसला जिनिंगच्या भिंतीला लागून रहमतचं पत्र्याचं दुकान आहे. तीस वर्षं झाली असतील. आमच्या गावापासून आठ किलोमीटर, म्हणून आमच्या गावच्या निम्म्या गाड्यांचे पंक्चर त्याच्याच हातचे. माणूस तोंडाचा फटकळ, पण हातात सफाई. आणि एक सांगतो, हाच रहमत आधी कोणी न म्हणता नव्या टायरला काळं पॉलिश मारून द्यायचा. बाजूनं, म्हणजे जिथं कंपनीचं नाव असते तिथं. रस्त्याला टेकते त्या भागाला कधी हात लावला नाही. मागच्या पोळ्याला लावला, तो एकदाच.

आमच्या गावच्या घनश्यामनं दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकली. ट्रॅक्टर भाड्यानं सांगतो. वैरणीचा भारा, खताची चुंगडी, बायको, सारं मोटारसायकलवर. तेव्हा पोळा आला तर पोळ्यात न्यायचं काय? तो म्हणे, माहा बैल हाच. खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, ज्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावतात, त्या दिवशी हा गाडी घेऊन रहमतच्या दुकानात. पुढचा-मागचा दोन्ही टायर नवे टाकले. मग बैलाला आवतण, म्हणजे जेवणाचं बोलावणं, देतात तसं हँडलवर हात ठेवून गाडीला म्हणतो कसा, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये!"

दुकानातले सारे हसले. रहमत तर डोळे पुसेपर्यंत हसला. त्यानं बाजूंना पॉलिश मारलं.

"हे बी मार ना," घनश्याम टायरच्या नक्षीवर बोट ठेवून म्हणाला. "बैलाचे शिंगं रंगवतो तं खुरं कोरडे ठेवतो का?"

नक्षीवर पॉलिश म्हणजे चाक निसरडं, हे रहमतला माहीत होतं. तीस वर्षं टायरच हाताळलेला माणूस, त्याला माहीत नसेल तर कोणाला? पण हसण्याच्या भरात त्यानं डबा उचलला आणि चाक फिरवत फिरवत सगळ्या नक्षीवर ब्रश ओढला. टायर असा चमकला की घनश्यामनं त्यात मिशी पाहिली. हळू चालवजो, हे नेहमीचं वाक्यही त्या गमतीत राहून गेलं.

गाव सरळ रस्त्यावर, म्हणून घनश्याम घरी नीट पोचला. पोळ्यात गाडी तोरणाखालून गेली, त्याच्या बायकोनं, विमलताईनं, तिला कुंकू लावलं, पुरणपोळी दाखवली. करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या, दिवशी दुपारी दोघं विमलताईच्या माहेरी निघाले. कालव्याच्या वळणावर समोर शेळी आली. घनश्यामनं ब्रेक दाबला आणि मागचं चाक सपकन घसरलं. त्याला नुसतं खरचटलं. विमलताई उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं.

रस्ता कोरडा ठण्ण. दिवस करीचा. आमच्याकडे करीला कोण पीत नाही? घनश्याम नाही पीत. पण ते कोण ऐकते! विमलताईचा भाऊ गोपाल दवाखान्यातच म्हणाला, "कोरड्या रस्त्यावर गाडी सपशेल झोपते कशी? जवाईबुवा, वास नाही आला म्हनजे पेले नाही असं नसते." विमलताई म्हणाली की तो पिला नव्हता. "तू तं नवऱ्याचीच बाजू घेशीन," म्हणून गोपालनं तिला प्लास्टरसकट माहेरी नेलं. दारुड्याच्या घरी बहीण धाडत नाही, म्हणाला. गावात पानटपरीवर घनश्यामला पाहून लोक हळूच अंगठा तोंडाकडे नेऊ लागले. त्यानं टपरीवर जाणं सोडलं.

चौथ्या दिवशी वाकडं झालेलं हँडल सरळ करायला गाडी रहमतकडे आली. रहमतनं चाक फिरवून पाहिलं. मधला भाग थोडा घासला होता, पण कडांच्या खाचांत पॉलिश तसंच चमकत होतं. घनश्याम चहा सांगायला गेला, तेवढ्यात रहमतनं चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली आणि दोन्ही टायर पुसून काढले.

घनश्याम परत आला. म्हणाला, "मिस्त्री, टायरात तं काही दोष नव्हता ना?"

"नाही," रहमत म्हणाला. "टायर तं नवा हाय."

हे वाक्य त्याला चिकटलं ते चिकटलंच. दुकानात कोणी म्हणे, घनश्यामनं मारलीच असन लेकानं, की हा मान खाली घालून ट्यूब पाण्यात बुडवायचा. एकदा तर "व्हय, करीचा दिवस..." असं स्वतःच बोलून गेला. त्या रात्री जेवला नाही. बायको जैबुनबीला सारं सांगितलं, तर ती म्हणाली, "बोलना है तो जा के बोलो. नै तो चुपचाप खाना खाओ. तुम्हारा उतरा मुँह देख के विमल का हाथ नै जुडता." तरी पाच दिवस गेले. दुकानाचं नाव जाईल, हीच एक भीती. पाडणारा मिस्त्री म्हटल्यावर कोण येतं?

विसाव्या दिवशी दुकान बंद करून तो गोपालच्या गावी गेला. अंगणात गोपाल दोरी वळत होता, विमलताई डाव्या हातानं तुरीची दाळ पाखडायचा प्रयत्न करत होती. रहमतनं उभ्याउभ्याच सांगितलं. पॉलिशचं, मग पेट्रोलचं, मग घनश्यामला खोटं सांगितलं त्याचं.

गोपालची दोरी थांबली.

"पन वैनी," रहमत म्हणाला, "घनश्यामभाऊच म्हनला होता, खुराले बी लाव."

हे त्यानं बोलायला नको होतं. विमलताईनं सूप खाली ठेवलं.

"रहमतभाऊ, वीस वर्सं मी बैलाचे खुरं रंगवले. रंग वरून लावतेत. तळाले नाही लावत. माहा नवरा शेतकरी, त्याले टायरातलं काय समजते? तुमाले तं समजत होतं ना?"

"समजत होतं."

"मंग वीस दिस कोठी होते? माह्या नवऱ्याले लोकं दारुड्या म्हनून राह्यले, आन तुमी टायर पुसून बसले. हात मोडला तो मोडला. हे पुसलं कायले?"

विमलताई उठून उभी राहिली.

"आता जे मले सांगतलं ते माह्या भावाच्या तोंडाकडे पाहून सांगा. मोठ्यानं. मंग आमच्या गावात पानटपरीवर जाऊन सांगा."

त्यानं दोन्ही केलं. टपरीवर सांगताना पाच-सहा जण होते, मीही होतो. कोणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "माफी कायले मांगतं, तुह्यावर कोन केस करून राह्यलं?" रहमत म्हणाला, "माफी नाही मांगत. सांगून राह्यलो."

त्यानंतर चौथ्या दिवशी गोपालनं बहिणीला स्वतः आणून सोडलं. घनश्यामशी बोलला काही नाही, पण चहा घेऊन गेला.

विमलताईचं मनगट जुळलं ते थोडं वाकडंच. कापूस वेचताना गावात तिचा हात सगळ्यात झपाट्याचा होता. या हंगामात सासवा-सुना तिच्या पुढं निघून गेल्या आणि ती ओळीत मागं राहिली. रहमतनं हे कोणाकडून तरी ऐकलं. विचारायला मात्र गेला नाही. काय म्हणून जाणार?

घनश्याम अजून त्याच्याकडेच येतो.  फक्त पंक्चर निघेपर्यंत स्टुलावर न बसता चाकाजवळ उकिडवा बसतो आणि रहमतच्या हाताकडे पाहत राहतो. रहमत म्हणतो, त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

अंकुरला यातलं काही सांगितलं नाही त्यानं. दोन्ही टायर कोरड्या चिंधीनं पुसले, हवा मोजली, स्वतः गाडीवर बसून भिंतीच्या टोकापर्यंत हळूहळू जाऊन आला.

"पोरीचं गाव किती दूर?"

"पन्नास."

"वळनं?"

"हायेत दोन-तीन."

"वळन आलं का हात आखडजो. अर्धा घंटा उशिरा गेला तं पोरगी पळून नाही जात." अंकुर निघून गेला. गाडी वळणाआड होईस्तोवर रहमत पाहत होता. मग भिंतीला टेकलेली पुढची सायकल त्यानं उलटी केली आणि ट्यूब बाहेर ओढली.