उष्टी बाटली

वसुधाताईंचं बेबीशी भांडण नव्हतं. बेबी त्यांना फक्त सहन होत नव्हती. तिचं खळखळून हसणं, गाऊनवर ओढणी टाकून कचरागाडीवाल्याशी गप्पा मारणं, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना ती आवडणं! जुन्या शहरातल्या मल्हारगंजातून अन्नपूर्णा भागातल्या या कॉलनीत राहायला येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं.

गणपतीची पहिली आरती मात्र वसुधाताईंची. सासूबाईंनंतर तो मान त्यांच्याकडे आला आणि त्यावर कुणी कधी ब्र काढला नव्हता. यंदा मंडळाच्या यतीनने नवीच टूम काढली. कोपऱ्यावर रिकाम्या बाटल्या परत घेणारं यंत्र बसलं होतं. बाटली आत टाकली की ती विकत घेताना भरलेलं डिपॉझिट परत मिळायचं. ते मंडळाला द्यायचं, आणि ज्या घराच्या बाटल्या जास्त, पहिली आरती त्या घराची.

"ताईजी, तुम्हीच जिंकणार. टेन्शनच नाही," यतीन म्हणाला.

ताईंनी कंबर कसली. सोडा पिऊन पिऊन शरदरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, ढेकर आवरेनात. रिकामी झालेली प्रत्येक बाटली ताई गरम पाण्यात बुडवायच्या, नखाने लेबल खरवडून काढायच्या आणि लखलखीत करून ठेवायच्या.

"अगं, यंत्रात टाकायचीय, पाहुण्यांपुढे नाही ठेवायची," शरदराव म्हणाले.

"उष्टी बाटली परत करू? शेजारणीची वाटीसुद्धा मी घासून देते."

सगळ्या बाटल्या शेवटच्या दिवशी एकदम नेऊन बेबीचे डोळे दिपवायचे, असा त्यांचा बेत होता. तसा तो दिवस आला. ताईंनी पहिली बाटली यंत्रात घातली. यंत्राने ती परत बाहेर ढकलली. दुसरीचंही तेच, तिसरीचंही तेच.

मागे बेबी पोतं घेऊन उभी होती. पोत्याला मुंग्या लागलेल्या.

"अरे ताई, लेबल का काढलं? मशीन तेच तर पढते ना!" ती कळवळून म्हणाली. मग तिच्या चिकट, उष्ट्या बाटल्या यंत्राने एकामागून एक मटकावल्या. वसुधाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. यंत्रालासुद्धा हीच आवडावी?

चतुर्थीला यतीनने बेबीचं नाव पुकारलं. ताई मागे उभ्या होत्या, ठेवणीतली पैठणी नेसून. न यावं तर लोक म्हणतील जळली, आणि आल्या तर खरोखरच जळत होत्या.

बेबीने तबक उचललं आणि गर्दीतून सरळ त्यांच्यासमोर आणून धरलं.

"आरती ताईच करणार. इतकं मन लावून कोणी केलं होतं, सांगा? माझ्या तर अशाच गंद्या होत्या. घ्या ना ताई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "क्या बात है, बेबीजी!" यतीन ओरडला. बायकांनी बेबीला जवळ घेतलं. कुणी तर डोळेही पुसले.

वसुधाताईंनी तबक घेतलं. आरती त्यांनी नेहमीसारखीच खणखणीत म्हटली, पण लोक बघत होते बेबीकडे. प्रसाद घेताना शरदरावही म्हणाले, "मोठ्या मनाची बाई आहे हो!"

आरती तिनेच केली असती तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं. निदान मनसोक्त जळता तरी आलं असतं.