झोळीखालची गोधडी

आई गेली त्या हिवाळ्यात मी दौंडहून माहेरी, कवठे येमाईला आले आणि तेराव्यानंतरही तिथेच राहिले. रडू येत नव्हतं. भाकरी थापायची, भांडी घासायची, एवढंच चाललं होतं. चुलती म्हणाली, "पोरीचा दगड झालाय." झाला असेल.

आप्पांनी, माझ्या वडिलांनी, घरात झोपणंच सोडलं होतं. मळ्यात दोन कडुलिंबांच्या मध्ये नायलॉनच्या जाळीची झोळी बांधलेली होती, हरभऱ्याच्या राखणीसाठी. तिच्यात जाऊन पडायचे आणि सकाळी खोकत यायचे. शिरूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, छाती भरलीय, गारठ्यात झोपले तर दवाखान्यात ठेवावं लागेल. पण आप्पांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"वर दोन रग हायेत," ते म्हणायचे. "खालनं गार लागतं. पैलं न्हवतं लागत."

मग मी आईची लुगडी काढली आणि एकावर एक अंथरून गोधडी शिवायला घेतली. हात आपोआप चालत होते. शेवटच्या कोपऱ्यात चुलतीने भाकरीचा तुकडा घालायला लावला, कारण गोधडी उपाशी ठेवायची नसते. ती झोळीत अंथरली, तरी आप्पा सकाळी तसेच खोकत आले. अंगाखाली दबून गोधडीचा पापड झाला होता.

चिडून मी तिच्या कोपऱ्यांना नाड्या शिवल्या आणि ती झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाने टांगली. जाळी आणि गोधडीच्या मध्ये हात सरकेल एवढी जागा सोडली, म्हणजे ती अंगाखाली दबणार नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी आप्पा घरी आले नाहीत. मी चहा घेऊन मळ्यात गेले. ते झोळीतच पडून होते, जागे. खोकला नव्हता.

"लागली का ऊब?"

"व्हय." त्यांनी हात खाली घालून गोधडी चाचपली. "तुजी आई हितं खाली इस्तवाचं घमेलं ठिवायची. जाळी पेटंल म्हणून रातभर जागी बसायची. नीज म्हणलं तरी न्हाई." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "ह्याला कुणी जागं बसाया नगं."

झोळीखालची माती काळी पडलेली होती. इतके दिवस मी ती बघतच होते. मी तिथेच खाली बसले आणि मला रडू आलं.