फेस बसेपर्यंत

हुमेरा, पेन घे गो. टीचरला घरची एक म्हण हवीय ना? माझ्याकडे गोणीभर आहेत. पण नुसती म्हण लिहून काय कळणार? तुझ्या अब्बाचं लिही.

"दादी, होमवर्क इज ओन्ली वन लाइन!"

असू दे. लिही. युसुफ आठ वर्षांचा होता. रत्नागिरीला आपल्या दोन म्हशी. मी धार काढायची, हा घरोघर दूध घालायचा. एकदा घाईत फेसासकट माप ओतून आला. माझ्या सासूनं त्याला म्हण ऐकवली, "फेस बसेपर्यंत माप खरं नाय," आणि कमी पडलेलं दूध घेऊन परत पाठवला. रडत गेला बिचारा.

मोठा झाला, इथे आखातात फुजैराला नोकरीला लागला आणि म्हणींना हसायला लागला. "अम्मी, हे तेलाचं बंदर आहे, तुझा गोठा नाय." लोकांना सांगायचा, अम्मी हाऊसवाइफ. म्हशींचं नाव नाही काढायचा.

त्याचं काम काय, तर जहाजात त्याच्या इंजिनाचं तेल भरून झालं की टाकीत मोजायची टेप सोडायची, किती भरलं बघायचं आणि सही करायची. गेल्या रमजानच्या आधी एका जहाजावर टेप बरोबर आली. पण तिला चिकटलेल्या तेलात बुडबुडे! पाइपातून हवा घुसलेली. हा म्हणाला, "थांबू या. फेस बसू दे."

तेल भरणारा ओरडला, "हबीबी, खलास! यल्ला, साइन करो!"

वर साहेबाचा फोन. "युसुफ, डिले झाला तर काँट्रॅक्ट रिन्यू होणार नाही, समजलं?"

आपलं घर, तुझी शाळा, सगळं त्या एका सहीवर. माझ्या लेकानं पेन खिशात घातलं आणि तीन तास उन्हात बसून राहिला. मग टेप सोडली. तेल वीतभर खाली! तेवढ्यावर जहाज निघालं असतं, तर भर समुद्रात काय केलं असतं? तेल भरणाऱ्यानं उरलेलं निमूट भरलं. दुसऱ्या दिवशी साहेब काँट्रॅक्ट घेऊन स्वतः आला.

पण त्याचं मला एवढं नाही. जहाजाच्या कॅप्टननं विचारलं, हे कुठल्या कॉलेजात शिकलास? तर तुझा अब्बा सगळ्यांसमोर ताठ मानेनं म्हणाला, "माय मदर सोल्ड मिल्क, सर."

"दादी, आर यू क्राइंग?"

गप. लिहिलंस ना? म्हशी दोन होत्या, तेही लिही. एकीचं नाव चांदी.