चाचपून लावलेली वायर

बाजारात त्याला सगळे टेस्टर म्हणत. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तसा हा वीज तपासायचा टेस्टर खोचून फिरायचा, म्हणून ते नाव. बायकोसुद्धा रागात असली की त्याच नावानं हाक मारायची. संगणक दुरुस्तीचं त्याचं दुकान जिन्याखालच्या जागेत. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यायचा. पण हाताला गुण होता. टेबल सरकवून, वाकून, मागची भोकं बघत बसणं त्याला कमीपणाचं वाटे. नजर गिऱ्हाइकाकडं, तोंडानं गप्पा, आणि टेबलामागं घातलेला हात आपलं आपण चाचपून वायर खोचून मोकळा. बघावं लागलं तर कारागीर कसला, असं म्हणायचा. लोकांना त्याचं नवल वाटे, आणि लोकांना नवल वाटतं याचं त्याला बरं वाटे.

थोरल्या भावाच्या घरचा संगणक अर्थातच त्याच्याकडं. खुब्याचं हाड मोडल्यापासून दादा खाटेवर होता. डोळ्यांपुढंही कायमचं धुकं. मोबाईल त्याला काडेपेटीएवढा, टेबलावरच्या मॉनिटरवर माणसाचा चेहरा म्हणजे पांढरा ठिपका. भिंतीवरचा मोठा टीव्ही तेवढा दिसे. टीव्ही जुनाच, स्वतःची अक्कल नसलेला; संगणकाची वायर जोडली की ते चित्र मोठं करून दाखवायचा. दादाची लेक दूरदेशी शिकून नर्स होणार होती. पदवीचा समारंभ घरबसल्या दिसणार होता, आणि तिला मंचावर चालताना बघायचं, एवढंच दादाचं मागणं होतं.

चित्र अडखळत होतं, म्हणून टेस्टरनं संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. कार्ड म्हणजे चित्र काढणारा वेगळा गडी. तो कामाला लागला की संगणकातला मूळचा, जुना गडी हात आखडून बसतो, म्हणून सगळ्या वायरी नव्याच्याच भोकांत लावाव्या लागतात. मॉनिटरची त्यानं तशी लावली. टीव्हीची मात्र वहिनीशी बोलता बोलता, टेबलामागं हात घालून खोचली आणि टीव्ही सुरू करून न बघताच घरी गेला. टीव्हीला काय धाड भरलीय, कालपर्यंत चालत होताच की.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. टीव्ही काळा, वर नुसतं 'सिग्नल नाही' असं येतंय. दुकानात गिऱ्हाईक होतं, टेस्टर घाईत होता. फडकं मारताना तुम्हीच वायर ओढली असेल, म्हणाला. तिनं नाही म्हटलं. पण ते दादाच्या कानावर गेलं, आणि पडून राहिलेल्या माणसाला चघळायला एक विषय मिळाला. हिचं फडकं म्हणजे नांगर आहे नांगर, असं तो येईल त्याला सांगू लागला. वहिनीनं त्या टेबलाकडं जाणंच सोडलं.

टेस्टर आज येतो उद्या येतो करत थेट समारंभाच्या दिवशी पिशवी घेऊन आला. रिमोटवरची सगळी बटणं दाबून पाहिली. वायर बदलली; जुनी जिथून उपटली तिथंच नवी, तीही चाचपूनच. कार्डाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. शेवटी म्हणाला, टीव्हीच म्हातारा झालाय. नाचता येईना अंगण वाकडं, हे वहिनी बोलली नाही, पण तिच्या तोंडावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

तोवर मॉनिटरवर समारंभ सुरू झाला होता. छोट्या स्पीकरमधून एकेक नाव पुकारलं जात होतं आणि दादा उशीवरून मान उचलून काळ्या टीव्हीकडं बघत होता.

"भावजी, एकदा मागं बघा तरी," वहिनी म्हणाली.

"बघायचं काय त्यात? माझा हात मला सांगतो."

ती दादाचा दाढीचा आरसा आणि बॅटरी घेऊन आली, भिंत आणि टेबल यांच्या फटीत हात घातला आणि आरसा धरून उभी राहिली. आता बघणं भाग होतं. कार्डाची भोकं खालच्या बाजूला होती. टीव्हीची वायर वरच्या, जुन्या भोकात. इतक्या वर्षांच्या सवयीनं बोटं तिथंच गेली होती. भोवती धूळ सलग बसलेली, तीत ओरखडे फक्त त्याच्याच बोटांचे. फडकं तिकडं फिरकलेलंच नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. हातच्या चुकीला लागला.

तेवढ्यात स्पीकरमधून लेकीचं नाव आलं. टाळ्या वाजल्या. वहिनीनं आरसा सोडला नाही. टेस्टरनं वायर उपटून खाली खोचली. टीव्ही उजळला आणि भिंतीवर भलत्याच कुणाची तरी मुलगी मंचावरून उतरताना दिसली.

"आपली कुठली?" दादानं विचारलं.

"गेली," वहिनी म्हणाली. तिनंही पाहिलं नव्हतं.

मागं नेऊन पुन्हा दाखवतो, असं टेस्टर म्हणाला. नको, मागचं तर फोटोतही दिसतं, असं म्हणून दादानं मान उशीवर टाकली. मग नक्की झालं काय होतं, ते विचारलं.

"वायर सैल होती," टेस्टर बोलून गेला. बोलला आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"ऐकलंस? मी सांगतच होतो," दादा बायकोला म्हणाला. ती आरसा फडक्यानं पुसत राहिली. आरसा केव्हाच स्वच्छ झाला होता. मग आत गेली.

चपला घालून टेस्टर जिन्याच्या निम्म्यावर गेला. कुणी हाक मारेल असं त्याला वाटत होतं. कुणी मारली नाही. तसाच मागं फिरला आणि खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"दादा, वायर सैल नव्हती. मीच चुकीच्या भोकात लावली होती, कार्ड बसवलं त्या दिवशीच. वहिनीनं हातसुद्धा लावला नव्हता."



"मला कशाला सांगतोस?" दादा म्हणाला. "तिला सांग. तुझं झालं की माझंही आहेच सांगायचं."

वहिनी आत कप विसळत होती. टेस्टर दारात जाऊन उभा राहिला. तिनं बाहेरचं सगळं ऐकलं होतं. हात पुसले आणि तेच फडकं त्याच्यापुढं धरलं.

"मागची धूळ तुम्हीच पुसा, भावजी. बघून."

त्यानं टेबल भिंतीपासून ओढलं, गुडघे टेकले आणि पुसायला लागला. वर टीव्हीवर सभागृह रिकामं झालं होतं, माणसं खुर्च्या गोळा करत होती. चित्र अगदी स्वच्छ येत होतं.