पहिल्या बर्फातला डबा

आमच्या गार्चिंगच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारे एक सांगलीचे गृहस्थ गिअरबॉक्सचे इंजिनिअर आहेत, पण नोव्हेंबरात डोंगर पांढरे झाले की ते दहा वर्षांचे होतात. जिन्यात भेटले की गुड मॉर्निंग वगैरे नाही, थेट हिमस्खलनाचा अंदाज: "दोन हजार मीटरच्या वर वाऱ्याने बर्फ साठलाय. गेनाऊ!" गेनाऊ, म्हणजे जर्मनमध्ये अगदी बरोबर, हे ते स्वतःलाच म्हणतात.

परवा आम्ही सहाजण त्यांच्याबरोबर डोंगरावर निघालो. लख्ख ऊन, कोरा उतार, आम्ही नुसते उधळलो होतो. त्यांनी काठी खुपसली. "वर वाऱ्याने आणलेला थर, खाली निसरडं गवत. हे सगळं एकदम खाली येईल. चला, परत." सगळ्यात आधी वळले तेच.

पार्किंगमध्ये आम्ही तोंडं पाडून बसलो, तर म्हणाले, "तिकडे तोंड करा!" गाडलेल्या माणसाचा सिग्नल देणारा आपला बीपर त्यांनी दिवाळीच्या बेसनलाडवांच्या डब्यात घातला आणि डबा शेजारच्या बर्फाच्या ढिगात पुरला. "शोधा आता!" मग काय! आपापले बीपर त्याचा सिग्नल पकडायला लावून आम्ही गुडघ्यांवर रांगलो, एकमेकांवर पडलो, भलत्याच जागी तीन खड्डे खणले, हसून हसून पोट दुखलं. डबा सापडला तेव्हा मी तो डोक्यावर घेऊन नाचले.

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मला लाडू दिला.

"बावीस मिनिटं," ते म्हणाले. "लाडवांना श्वास घ्यावा लागत नाही म्हणून बरं."