तैनाती या एका शब्दासाठी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लोनडॉकिनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. आदल्याच संध्याकाळी त्यांना आमच्या गावच्या, आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात भेटले होते. माझे सासरे, नागपूरला इतिहास शिकवून निवृत्त झालेले. नाकात ऑक्सिजनची नळी आणि पहिला प्रश्न, "संपादकांचं उत्तर आलं का गं?" आलं नव्हतं. आज महिना उलटून गेला, माझा संताप काही उतरत नाही...

आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी एका मराठी मासिकासाठी एकच लेख धरला होता. महायुद्ध संपल्यावर चीनच्या शहरांत अमेरिकी सैनिक उतरले, निमित्त हरलेल्या जपान्यांना मायदेशी पाठवण्याचं. काही अमेरिकी मुत्सद्द्यांना मात्र घोर लागला होता, की हे सैन्य तिथे राहिलं तर आपण चिन्यांच्या घरच्या भांडणात ओढले जाऊ, आणि तिथलं सरकार परक्यांच्या जिवावर उभं आहे असं त्याच्याच लोकांना वाटेल. अण्णा सांगत, मी टाइप करत असे. या सैन्याला त्यांनी शब्द योजला 'तैनाती फौज'. आपल्या शाळेच्या पुस्तकातला, उत्तर पेशवाईतला. रक्षणासाठी म्हणून ठेवून घेतलेली आणि मग घरधनी होऊन बसलेली ती फौज.

संपादकांना तो खटकला. फोनवर म्हणाले, "सर, इथे तसा तह नाही, फौजेचा खर्च कुणी लिहून दिलेला नाही, तैनाती कशी म्हणता? 'शांतता पथके' करू या."

"तंतोतंत जुळत नाही हे मलाही कळतं हो, तसं तळटीपेत लिहिलंय," अण्णा उखडले. "पण मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो तो याच शब्दाने. पथके म्हटल्यावर कोण घाबरणार?" फोन ठेवून मला म्हणाले, "सूनबाई, लेख नाही छापला तरी चालेल. शब्द बदलू द्यायचा नाही." मी तसं संपादकांना स्पष्ट कळवलंही.

अंक आला तो अण्णांचे दिवस झाल्यावर. जिथेतिथे 'शांतता पथके'! तळटीप गायब. वर चौकटीत श्रद्धांजली, 'शब्दांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर'. मी फोन केला तर म्हणे, "ताई, नव्या वाचकांना जड जातं." कुठल्या वाचकाला विचारलं होतं यांनी? माणूस गेला, आता भांडायला कोण येतंय, एवढाच तो हिशेब.

परवा रविवारी मी अंक घेऊन बसले आणि लाल पेनाने एकेक 'शांतता पथके' खोडून वर 'तैनाती फौज' लिहायला लागले. तेवढ्यात शेजारचा डोनाल ॲपल टार्ट घेऊन सांत्वनाला आला. जन्म मलिंगारचाच, आणि हे एके काळी ब्रिटिश पलटणींच्या छावणीचं गाव. हे काय चाललंय, म्हणाला. मी त्याला शब्द समजावला, मदतीला म्हणून आलेलं आणि जायचं नाव न घेणारं सैन्य.

"आह्, गॅरिसन," तो म्हणाला. गावात ठाण मांडून बसलेल्या पलटणीचा त्यांचा शब्द. मग खुर्ची ओढून बसत, "बट हू आस्क्ड देम इन?"

त्यांना आत बोलावलं कुणी? वाचकाला हा एक प्रश्न पडावा म्हणून अण्णांनी सगळा लेख लिहिला होता. तो पडला, आणि मराठीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसाला पडला. अण्णा गेल्यापासून मी नुसती चिडतच होते... रडले ती त्या दिवशी, डोनालसमोर.